ब्रेक नसलेली सीट

नोकरीत असताना किस्से घडतात आणि सांगायला फुरसत नसते. रिटायर झालं की फुरसतच फुरसत, पण किस्से मात्र घडायचे थांबत नाहीत! जळगावच्या बसस्टँडबाहेर लिंबाखाली चहाची टपरी आहे. तिथं आम्ही एसटीतली निवृत्त मंडळी रोज सकाळी जमतो. जायचं कुठंच नसतं, तरी सगळे वेळेवर हजर. गाड्या सुटतात, धूळ उडते, ऊन हळूहळू बाकावर चढतं आणि पेंगता पेंगता कुणीतरी बोलायला लागतं.

*

सुरुवात माझ्यापासून. मी कंडक्टर. रिटायर झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा दुपारची झोप मिळाली, तर स्वप्नातही गाडी खचाखच भरलेली! "पुढं सरका, पुढं जागा आहे," असं मी झोपेत ओरडत होतो म्हणे. शेजारी आडवी झालेली बायको बिचारी अर्धवट झोपेत सरकत गेली. धप्पकन आवाज झाला. डोळे उघडून बघतो तर ती खाली फरशीवर बसलेली.

"एवढी सरकले," ती म्हणाली, "आता तिकीट तरी द्या!"

*

आमचे रज्जाकभाई स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायचे. मऊ, जड आवाज. घरी बसल्यावर तो आवाज वापरायचा कुठं? खूप उदास असायचे तेव्हा.

मग पुतण्याच्या लग्नात जेवणाला रेटारेटी झाली आणि कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. रज्जाकभाईंनी डोळे मिटले. "रावेर से आए हुए मेहमान ध्यान दें! आपका दस्तरखान तीन नंबर पर लगा है. धुलियावाले मेहमान थोड़ा इंतज़ार करें!"

सगळी गर्दी गुपचूप रांगेत! एक म्हातारेबुवा तर पिशवी सांभाळत जवळ आले आणि विचारू लागले, "बोदवडवाली कब लगेगी?"

आता लग्नसराईत त्यांना मुद्दाम बोलावणं येतं. वर पाकीटही मिळतं. पेन्शन कधी येते नि कधी जाते कळत नाही, पण पाकीट कळतं, असं ते लाजत सांगतात.

*

आता नाना. नाना ड्रायव्हर, मूळचा धुळ्याकडचा. माझी नि त्याची जोडी इतकी वर्षं टिकली की आमच्या बायकांना आमचा मत्सर वाटायचा. रिटायर झाल्यावर नानाला एकच गोष्ट जमेना. दुसरा गाडी चालवतोय आणि आपण नुसतं बसायचं!

एकदा भाच्याच्या नव्या गाडीतून तो धुळ्याला निघाला. पारोळ्यापर्यंत त्यानं पायाखालचं मॅटिंग दाबून दाबून गोळा केलं. भाचा शेवटी वैतागला. "नाना, ब्रेक माझ्याकडे आहे!"

"मंग दाब ना!" नाना ओरडला.

तेव्हापासून नाना कुठल्याच गाडीत बसला नाही. चालत जाता येईल तेवढंच त्याचं जग उरलं. मला फार वाईट वाटायचं.

*

नानाचा फंडाचा पैसा लेकीच्या लग्नात नि घराच्या स्लॅबमध्ये गेलेला. पेन्शन म्हणाल तर महिन्याचा किराणा कसाबसा भागतो. अशात एक ट्रॅव्हल्सवाला घरी आला. पगार चांगला, गाडी एसी. नानाच्या डोळ्यांत चमक आली, बोटं मांडीवर स्टिअरिंग फिरवायला लागली.

अक्का, म्हणजे नानाची बायको, चहा घेऊन बाहेर आली. माहेर रावेरचं, बोलणं रोखठोक. "चहा घ्या, भाऊ. गाडी घेऊन जा, माणूस राहू द्या."

नाना दोन दिवस टपरीवर फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो, तर अक्का माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "मले पैसा नको. लग्न झाल्यापासून माहेरी गेले ते तुमच्याच गाडीत, तुमची पाठ पाहत. एकदा बाजूच्या सीटवर बसा माझ्या. बस."

"गाडी दुसरा हाकी आन मी मांगे बसू?" नाना म्हणाला.

वर्ष गेलं. आम्हा निवृत्तांना वर्षातले काही महिने नवरा-बायकोचा फुकट पास असतो. तो अक्काच्या डब्यात तसाच पडून राहिला. अक्का माहेरी गेली नाही. भांडलीही नाही. एकटीनं जायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

*

आणि एका सकाळी नाना स्टँडवर आला. इस्त्रीचा शर्ट, बाजूला अक्का. मला म्हणाला, "तू बी चाल. तू संगे ऱ्हायला तं मले धीर ऱ्हास."

रावेरकडच्या गाडीत मी त्यांच्या मागच्या सीटवर. भुसावळपर्यंत नानाचा पाय पत्र्यावर ब्रेक मारत होता. अक्का त्याच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवून बसली.

सावदा मागं पडलं. दोन्हीकडं केळीच्या बागा, पाणी दिलेल्या मातीचा वास, खिडकीतून गार वारं. याच रस्त्यानं नानानं जन्मभर गाडी नेली, पण नजर कायम समोर! तो खुळ्यासारखा बाहेर बघत राहिला.

"हाई बठ्ठं आठेच व्हतं का?" त्यानं विचारलं.

"सगळं इथंच होतं," अक्का म्हणाली.

थोड्या वेळानं पायाचा आवाज थांबला. मी वाकून पाहिलं. नाना झोपला होता. चालत्या गाडीत, अक्काच्या खांद्यावर डोकं टेकून, तोंड थोडं उघडं. इतक्या वर्षांत मी त्याला गाडीत डुलकी काढताना कधी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

रावेर आलं. खाली अक्काचा भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. मी नानाला हलवायला हात पुढं केला, तर अक्कानं तो मधेच धरला. खिडकीतून भावाला खूण केली, घरी जा म्हणून.

"अक्का, रावेर आलं, उतरा ना," गाडीचा कंडक्टर म्हणाला.

"गाडी पुढं कुठं जाते, भाऊ?"

"बऱ्हाणपूर. पण तुमचा पास राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतो. पुढचे पैसे पडतील."

अक्कानं कमरेचा बटवा सोडला. "तिघांचं दे," ती म्हणाली. "आन बेल हळू मार!"