पोट सुटलेल्या भांड्यांवर नाव कोरणारी मलिहा

चिखलीच्या भांडी गल्लीत फकीर मोहम्मदचाचांचं दुकान म्हणजे एक लाकडी खोका आणि त्यापुढचा दीड फूट रस्ता. गेली पस्तीस वर्षं तालुक्यातली जी मुलगी सासरी गेली, तिच्याबरोबर चाचांचं अक्षर गेलं. 'मामाकडून सप्रेम भेट', 'काकाकडून सप्रेम भेट'. लग्न टिको न टिको, नाव टिकतं. आमच्याकडे वाटी दिली तरी देणाऱ्याचं नाव तिच्यावर हवं, खाली तारीख हवी. नाहीतर उद्या कोणी म्हणायचं, वाटी आपोआप आली.

मलिहा ही चाचांची मुलगी. माझी लेक समता आणि ती बारावीपर्यंत एका बाकावर बसल्या. गणितात मलिहाला नेहमी समतापेक्षा जास्त मार्क, आणि ते दरवर्षी मला हसतमुखाने ऐकून घ्यावं लागलं. पुढे ती बी.एस्सी. झाली. घरच्यांना वाटलं, आता शिकवण्या घेईल, मग एखादं स्थळ बघू. तिने वडिलांचा खोका मागितला. "मुलगी रस्त्यावर बसून भांडी कोरणार?" असं विचारायला नातेवाईक आले, चहा प्यायले आणि जाताना आपापले डबे फुकट कोरून घेऊन गेले.

मग तिने कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आणली. विकणाऱ्याची बोली होती, पंधरा दिवस वापरा, जमली नाही तर परत द्या. चाचांनी ही बोली अजून सोपी केली.

"गिऱ्हाइकाचं एक भांडं बिघडलं का मशीन वापस. अन् तू घरी."

मशीन दिसायला शिलाई मशीन आणि दाताच्या डॉक्टरचं यंत्र यांचं लेकरू. नाव टाईप करायचं, हिऱ्याच्या टोकाची सुई ते कोरून देते. ताट, परात असल्या सपाट भांड्यांवर ती पहिल्या दिवसापासून मुकाट चालली. पण संसारात सपाट असं असतं किती? तांब्या गोल, डबा गोल, आणि पाणी भरायचा पितळी गुंड तर नवरदेवाच्या काकासारखा, स्वतःआधी पोट पुढे. त्यासाठी मशीनला एक फिरती पकड होती. ती भांड्याचं तोंड आतून तीन बोटांनी धरते आणि भांडं आडवं ठेवून हळूहळू फिरवते. सुई जागच्या जागी.

"त्यात नवीन काय?" चाचा म्हणाले. "मी काय वेगळं करतो? हात हालवत नाही, भांडं मांडीवर फिरवतो."

"हाव अब्बा, पण तिची मांडी दुखत नाही."

बापलेक घरी उर्दूत भांडतात, दुकानात मराठीत. म्हणजे गिऱ्हाइकालाही भाग घेता येतो.

समताचं लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा मशीनचे बारा दिवस झाले होते आणि अजून एकही गुंड तिच्यावर चढला नव्हता. पहिला नेला मी. तो माझ्या नणंदेने, आशाबाईंनी, दिलेला होता. भांडं देऊन त्या थांबल्या नाहीत, सूचनाही दिल्या. "वहिनी, अक्षर असं पाह्यजे का मांडवाच्या दारातून वाचता आलं पाह्यजे." आमच्या घरात काळजी करण्याचं खातं माझ्याकडे आहे, बाकीचे त्यामुळे मोकळे असतात. मी कागदावर मजकूर तीनदा लिहून नेला: 'चि. सौ. कां. समता हिस आत्या आशाबाई यांजकडून सप्रेम भेट.'

मलिहाने गुंड वडिलांकडे मोजायला दिला. बहुतेक त्यांनाही कामात ओढावं म्हणून. चाचांची रीत जुनी. सुतळी पोटाभोवती फिरवायची, गाठ मारायची, सुतळी सरळ करून पट्टीवर धरायची. "अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर." मलिहाने अठ्ठ्याऐंशी टाकले. सुई टेकली, गुंड फिरला. थोडासाच फिरला आणि काम झालंसुद्धा.

आम्ही तिघं वाकून बघू लागलो. आख्खा मजकूर वीतभर जागेत उभा होता. अक्षरांना उंची पुरेपूर, रुंदी जवळजवळ नाही. काळीपिवळी जीपच्या मागच्या सीटवर सवाऱ्या एकमेकींत घुसून बसतात, तशी. आशाबाई उभ्या आयुष्यात इतक्या बारीक कधीच नव्हत्या.

"झालं," चाचा म्हणाले. "वापस." त्यांनी स्वतःच विकणाऱ्याला फोन लावला. तो उचलेना, म्हणून 'मशीन घेऊन जा' असा निरोप त्याच्या माणसाकडे ठेवला.

मलिहा रडली नाही. ती सुतळीची गाठ बघत होती.

"अब्बा, तुम्ही हा घेर सांगितला ना?"

"मंग काय वजन सांगू?"

"मशीन घेर मांगत नाही. ती या कडेपासून त्या कडेपर्यंतचं माप मांगते. व्यास. मी घेर टाकला. तिले वाटलं, गुंड तिप्पट जाड हाय, म्हणून तिनं तो तिसरा हिस्साच फिरवला." मग माझ्याकडे वळून, "काकू, चूक माझी हाय. लहानपणापासून अब्बांच्या तोंडून घेरच ऐकला. माप म्हणलं का घेर."

"चूक कोणाचीबी असो," चाचा म्हणाले, "भांडं बिघडलं."

खरं तर ओरडायची पाळी माझी होती. पण मी मनात आशाबाईंचं तोंड बघण्यात गुंतले होते. मलिहाने एक तास मागितला. मी दिला. त्या अवस्थेतला गुंड घरी नेण्यापेक्षा चिखलीतच राहायला जाणं मला सोपं वाटत होतं.

तिने अठ्ठावीस टाकले. आधी नाव नाही घातलं. त्या चेपलेल्या अक्षरांना तिने देठ मानलं, त्यांच्यावरून पानं टाकली, आणि तोच वेल पुढे गुंडाच्या पोटाभोवती पूर्ण फिरवला. वेलाखाली मग सुबक, ऐसपैस अक्षरांत माझा मजकूर. चाचा पाठ करून बसले होते, तरी दर दोन मिनिटांनी त्यांना मागे ठेवलेलं पाणी प्यायला लागत होतं.

हाताने वेल काढला की फिरून येताना तो सुरुवातीला नीट भेटत नाही. एक पान आखूड होतं किंवा देठ घसरतो. माझ्या लग्नातल्या गुंडावरही चाचांचाच वेल आहे, आणि त्याची ती बाजू सव्वीस वर्षं भिंतीकडे तोंड करून आहे. तालुक्यातल्या सगळ्याच बायका असं करतात. चाचांना ते ठाऊक आहे.

त्यांनी गुंड उचलून मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि वेलावर अंगठ्याचं नख ठेवून भांडं फिरवायला लागले. एक फेरा झाला.

"जोड कुठी हाय?"

"नाही, अब्बा."

"नाही कसा? असन ना कुठी तरी."

दुसरा फेरा. माझी अक्षरं मांडवाच्या दारातून वाचता येतील ना, ते विचारायचं मी विसरले. तिसऱ्या फेऱ्यात अंगठा अर्ध्यावर असताना फोन वाजला. विकणारा होता. मशीन उचलायला गाडी केव्हा पाठवू, असं विचारत होता. चाचांनी फोन खांदा आणि कान यांच्यात धरला, नख वेलावरून काढलं नाही.

"गाडी नका पाठवू. मशीन इथीच राहीन," ते म्हणाले. "अन् दुसरं काई असन तर लवकर बोला, मी कामात आहो."