रेहानाभाभींचा नंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कृपा करून ‘होतं असं कधीकधी’ म्हणू नका — त्या वाक्याचा मला मनापासून राग येतो.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझा नंबर अख्ख्या नाशिककडे असावा. प्लॉट, क्लासेस, लोन, दागिन्यांची सूट, गुडघ्यांचं तेल — ज्याला काही विकायचंय तो माझ्या फोनमध्ये आणून ओततो. मी काही उघडत नाही, तरी सगळं आपोआप गॅलरीत जाऊन बसतं. रोज पुसा, रोज पुन्हा तेच. माझ्याच फोनची मी झाडूवाली झाले होते.

लेकीच्या साखरपुड्यात अंगठी घालायच्या वेळी मी फोन वर धरला, तर जागा शिल्लक नाही म्हणाला. फोटोग्राफर होता हो, पण मला माझा फोटो हवा होता. मी तिथेच उभी राहून घाईघाईने एकेक जाहिरात पुसत बसले, आणि मान वर केली तेव्हा अंगठी घालून झाली होती. टाळ्या चालल्या होत्या. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नसेल.

तो कुणावर काढला? — इथे मी नेहमी अडखळते.

रेहानाभाभी वडाळा गावात राहतात. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात, टाका असा बारीक की उलटसुलट कळू नये. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. तयार गोधडीचा एक फोटो त्या दर रविवारी सगळ्यांना पाठवायच्या, खाली ‘ऑर्डर घेणे चालू आहे’. आणि हे त्यांना शिकवलं कुणी? मीच. ‘फोटो पाठवत जा भाभी, लोकांना कळायला नको का?’

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोटो आला. मी त्यांचा नंबर रिपोर्ट केला. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘या बाईने वैताग आणलाय, सगळ्यांनी रिपोर्ट करा.’ कुठे दाबायचं त्याचे फोटोसुद्धा टाकले — शिक्षिका ना मी! अकरा जणींनी ‘केलं’ म्हणून कळवलं. दोन दिवसांत भाभींचा नंबर त्या ॲपवरून बंद झाला.

त्या माझ्याकडेच आल्या. दुसऱ्या कुणाकडे जाणार?

‘मॅडम, जरा बघता का? सगळं बंद पडलंय. कुणाच्या साड्या, कुणाचं माप — सब उसीमें है.’

मी फोन हातात घेतला. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं, फेरविचाराची विनंती करा. खाली बटण होतं. एकदा दाबायचं होतं फक्त. मी चष्मा लावला, इकडेतिकडे बोट फिरवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि फोन परत दिला. म्हटलं, ‘यात आता काही होत नाही.’ वर हेही विचारलं, ‘तुम्ही फार पाठवत होतात का?’

‘माझीच चूक असेल,’ त्या म्हणाल्या. चहा न घेताच गेल्या.

त्यांच्या घरी साड्यांची बोचकी पडून होती. कुणी वारलेल्या आईच्या दिलेल्या, कुणी सासूच्या. कुठलं बोचकं कुणाचं, हे त्या चॅटमध्येच होतं. बायकांचे निरोप जाईनात, उत्तरं येईनात. मग कुणीतरी म्हणालं, साड्या विकून खाल्ल्या वाटतं. आमच्या जिन्यात एकीने सरळ चोर म्हटलं. मी तिथे उभी होते. गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं — पण मी म्हणाले, ‘माझ्याही आईच्या दोन साड्या आहेत तिच्याकडे. बघू, येतात का परत.’

आता राहिलेलं सांगते. त्या आठवड्यात मी फोन नीट तपासला, कुणी किती जागा खाल्लीय ते. भाभींचे वर्षभराचे फोटो नगण्य होते. जवळजवळ सगळी जागा एकाच माणसाची होती: माझे थोरले दीर. सिन्नरच्या बाजूला ते प्लॉट विकतात, आकाशातून घेतलेले लांबलचक व्हिडिओ रोज पाठवतात. पण हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं का? नाही. साखरपुड्यात जाहिराती पुसत होते तेव्हाही त्यांचे व्हिडिओ मी वगळत होते. ते चारच पावलांवर उभे होते, हॉल त्यांनी ठरवला होता, आमच्या घरात त्यांचा शब्द चालतो. त्यांना रिपोर्ट करायची माझी छाती नव्हती. भाभी मात्र माझं काय वाकडं करणार होत्या?

महिन्याभराने भाभी बोचकी घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये आल्या. दारोदार विचारत होत्या, ही कुणाची, ही कुणाची. चोर म्हणणारीने आपलं बोचकं घेतलं आणि दार लावून टाकलं. माझ्याकडे त्या शेवटी आल्या, शिवून तयार गोधडी घेऊन.

‘तुमच्या अम्मीच्या साड्या लक्षात होत्या मॅडम. आणि तुमच्यासाठी मापाची काय गरज?’

मी आभार मानले. त्यांचा नवा नंबर लिहून घेतला.

नाशकात थंडी पडली की मी ती गोधडी घेते. चांगली ऊबदार आहे. भाभींना पूर्वीसारखं काम मिळत नाही असं ऐकते. नव्या नंबरावरून त्या कुणालाच फोटो पाठवत नाहीत.

आज सकाळी भाऊजींचा नवा व्हिडिओ आला. मी खाली लिहिलं, ‘फारच सुंदर, भाऊजी!’