गळाच्या दुकानातले थोरले भाऊजी

मला माझे थोरले दीर आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईनं गोड बोलून केसानं गळा कापला. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांना "भाऊजी, चहा टाकू का?" असं विचारत आले आहे, आणि तेव्हापासूनच मनात म्हणत आले आहे की आता उठा आणि घरी जा. चहा ते घेतात. उठत मात्र नाहीत.

माझं मासे पकडायच्या सामानाचं दुकान आहे. बाजारातून तलावाकडे रस्ता फुटतो त्या कोपऱ्यावर, सायकलवाल्याच्या शेजारी. खोली अरुंद आणि खोल. डाव्या भिंतीला रॉड उभे, समोर काचेखाली रिळं, मागे लहान लहान खणांत गळ, शिसं आणि रबरी अळ्यांची पाकिटं. त्या रबराचा गोडसर वास कपड्यांना असा चिकटतो की घरी गेल्यावर मुलगी नाक मुरडते. गिऱ्हाईक बहुतेक हौशी. आमच्या तलावात बास आहे, मोठ्या तोंडाचा तापट मासा. तो खायला कमी आणि त्याच्याशी झुंजायला जास्त लोक येतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि जी काही असते तिथे स्टूल टाकून भाऊजी बसलेले असायचे.

भाऊजी नटबोल्टच्या कारखान्यात भांडार सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर जाऊबाईंनी त्यांना थोडे दिवस घरात सहन केलं आणि मग माझ्याकडे हाकललं, असं माझं मत आहे. जाऊबाई म्हणतात, "छे गं, तुला मदत व्हावी म्हणून ते आपणहून येतात." ती मदत अशी असायची. एखादं गिऱ्हाईक बरा रॉड हातात घेतं, टोक जरा वाकवून बघतं, त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. नेमके त्या वेळी भाऊजी घसा खाकरायचे.

"किती सांगितला हिनं?"

गिऱ्हाईक किंमत सांगायचं.

"अहो, याच्या निम्म्या पैशात काम होतं."

आणि मग प्रवचन. रॉड म्हणजे शेवटी काठी, मासा काही तिच्यावरचं नाव वाचत नाही. रिळात बेअरिंग चार आहेत का दहा, हे दुकानदाराला कळतं, माशाला नाही. विणलेली महाग दोरी रीळभर कशाला घ्यायची? अर्ध्यापर्यंत साधा नायलॉनचा तंगूस गुंडाळा आणि वरच्या अर्ध्याला दोरी लावा, मासा काही रिळाच्या तळापर्यंत दोरी ओढत नाही. रबरी अळी फाटली तर फेकू नका, दोन्ही टोकं मेणबत्तीवर धरा आणि चिकटवा. शिसं विकत घेऊ नका, जुना नट बांधा. तलावाचं पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांच्या फांद्यांना लोकांची तुटलेली आमिषं लटकलेली दिसतात, ती तोडून आणा, फुकट आहेत. हे सगळं माझ्या दुकानात, माझ्या काचेला कोपर टेकवून, माझा चहा पीत.

यातलं बरंचसं खरं आहे, हेच तर दुखणं. खोटं असतं तर मी त्यांना चार लोकांत कधीच तोंडावर पाडलं असतं. पण अर्ध्या दोरीचं गणित बरोबर आहे, आणि नवशिक्याला भारी रॉड लागत नाही हेही बरोबर आहे. फक्त ते नवशिक्याला सांगतात तेच दहा वर्षं मासे पकडणाऱ्यालाही सांगतात. शिवाय त्यांच्या सल्ल्यानं घेतलेला स्वस्त रॉड मोठ्या माशाच्या ओढीनं कडकन मोडला की तो माणूस भाऊजींकडे जात नाही. दोन तुकडे घेऊन माझ्यासमोर उभा राहतो. "ताई, हे काय दिलंत?" तेव्हा भाऊजी खिडकीतून रस्ता बघतात.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना तोंडावर. कसं सांगणार? आमच्या घरात एक गोष्ट आहे, ती मला लग्नाच्या आधीपासून पाठ आहे. सासरे लवकर गेले. भाऊजींनी शाळा सोडली, कारखान्यात चिकटले, पोटाला चिमटा घेतला, एका कोटावर वर्षं काढली आणि धाकट्या भावाला शिकवलं. तो धाकटा भाऊ म्हणजे आमचे हे, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बऱ्या हुद्द्यावर. ही गोष्ट सांगताना ह्यांचा आवाज अजूनही भरून येतो. मी भाऊजींबद्दल एक शब्द काढला की हे लगेच म्हणतात, "दादा आहे तो. दादा नसता तर मी आज कुठे असतो?" यावर बायकोनं काय बोलायचं? त्या एका कोटानं माझं तोंड इतकी वर्षं बंद ठेवलं.

तरी मी रेटलं असतं. पण मधेच एजन्सी आली.

एका चांगल्या कंपनीचा माणूस दुकानात आला. नीटनेटका, तोंडाळ नाही. म्हणाला, "आमचे भारी सेट ठेवून बघा. हंगाम संपेपर्यंत ठरलेला आकडा गाठलात तर या भागाची एजन्सी तुमची. पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातही माल ठेवलाय; तुम्ही कमी पडलात तर त्यांना द्यावी लागेल." मी लगेच हो म्हटलं. स्वस्तातला माल विकून आणि मोडका परत घेऊन माझा जीव विटला होता. मला एकदा तरी असं काही विकायचं होतं की गिऱ्हाइकानं परत येऊन "ताई, काय चीज दिलीत" म्हणावं. दारावर कंपनीची पाटी लागेल, दूरदूरचे लोक विचारत येतील, असं मी रात्री पडल्या पडल्या मनात मांडत होते. सेट भिंतीवर लावले. राखाडी दांडे, मुठीला खरं बूच, रीळ फिरवलं की आवाजसुद्धा नाही.

मी भाऊजींना घरी गाठून सांगितलं. अगदी हात जोडून. "भाऊजी, एवढा हंगाम त्या भिंतीबद्दल काही बोलू नका. माझी एजन्सी त्यावर आहे."

"मी कशाला बोलू?" ते म्हणाले. "दुकान तुझं आहे."

पुढच्याच सुट्टीला शाळेतले गणिताचे सर आले. बऱ्याच वर्षांचे मासेमार, हात तयार. राखाडी रॉड त्यांनी असा उचलला की मला वाटलं, हा गेला. त्यांनी पाकिटात हातही घातला होता. भाऊजी काही बोलले नाहीत, शब्द पाळला. फक्त हसले, आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडे हलवली.

सरांनी रॉड परत टांगला. "बघतो पुढच्या महिन्यात."

असं त्या हंगामात किती वेळा झालं ते विचारू नका. कधी मान, कधी भुवई, कधी नुसतं "हं." मी दात-ओठ खात बिलं फाडत राहिले. तरी बरेच सेट गेले. भाऊजी आंघोळीला, दवाखान्यात किंवा लग्नाला गेले की मी झपाट्यानं विकत असे. हंगाम संपला तेव्हा आकडा थोडक्यात राहिला.

कंपनीचा माणूस आला. मी त्याला बसवलं, समजावलं, पुढच्या हंगामाची खात्री दिली.

"ताई, नुसता आकडा असता तर मी साहेबांकडे शब्द टाकला असता," तो म्हणाला. "पण पंपाशेजारच्या दुकानवाल्यानं साहेबांना सांगितलंय, की तुमच्या घरचा माणूससुद्धा त्याच्याकडून घेतो. आमचं सगळ्यात वरचं रीळ. पूर्ण किंमत देऊन. साहेब म्हणाले, ज्यांच्या घरचे त्यांच्याकडून घेत नाहीत त्यांना एजन्सी कशी द्यायची?"

"घरचा कोण?"

"तुमचे थोरले दीर."

मी दुकान बंद केलं. भर दुपारी, शटर खाली, आणि तडक तलावावर गेले. भाऊजी कधी मासे पकडायला काठावर सगळ्यांच्या रांगेत बसत नाहीत हे मला माहीत होतं; त्यांना गर्दी आवडत नाही असं ते म्हणत. आता कळलं का आवडत नाही ते. बांधाच्या पलीकडे, पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे ते एकटे उभे होते. खांद्याला जुनी कापडी पिशवी. हातात राखाडी रॉड, आणि त्यावर रीळ, ज्याच्यापुढे माझ्या काचेखालचं सगळ्यात महाग रीळ खेळणं वाटावं. त्यांनी आमिष टाकलं. दोरी आवाज न करता लांब गेली, झाडाच्या बुंध्याशेजारी नेमकी पडली. ते हसत होते. त्या चेहऱ्यानं हसताना मी त्यांना घरात कधी पाहिलं नाही.

"छान आहे रीळ," मी म्हटलं.

ते दचकले नाहीत, पण हसू गेलं.

"पंपवाल्याकडचं," ते म्हणाले.

"माझ्याकडून का नाही घेतलं?"

"तुझ्याकडे असलं कुठे असतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असेल कसं? तुम्ही विकू दिलंत का? याच कंपनीचं भिंतीवर टांगलं होतं की मी! लोक हात लावायचे आणि तुम्ही मान हलवायचात! एजन्सी गेली भाऊजी. तुमच्या या रिळामुळे गेली."

ते दोरी गुंडाळत राहिले. सावकाश, एकसारखी.

"तुझ्याकडून घेतलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं," ते म्हणाले.

"काय कळलं असतं?"

"की मला स्वस्तातलं कधीच आवडलं नाही." त्यांनी आमिष पाण्याबाहेर काढलं, बोटात धरून पाहिलं. "तेव्हा परवडत नव्हतं म्हणून स्वस्तातलं घ्यायचो. लोक म्हणाले, किती साधा माणूस. मग तसंच बोलावं लागलं. आता या वयात कुठे बदलू?"

इथे मला कीव यायला हवी होती. ह्यांना आली असती, डोळे पुसले असते. मला आली नाही. मला एवढंच दिसलं की या माणसाच्या बोटांना सगळ्यात भारी काय असतं ते ठाऊक होतं, आणि तरी त्यानं माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते घेऊ दिलं नाही. स्वतः मात्र पंपाच्या खोलीमागे लपून वापरलं. साधेपणाचा मान त्यांचा आणि नुकसान माझं, हा कुठला न्याय?

"उद्यापासून दुकानात येऊ नका," मी म्हटलं.

ते आले. सवयीनं आले, स्टूल ओढलं, कोपर काचेवर टेकवलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

"भाऊजी, उठा," मी म्हटलं.

सगळे बघायला लागले. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले, मग गिऱ्हाइकांकडे, आणि उठले. जाताना स्टूल जागच्या जागी सरकवून ठेवलं, त्याचाही मला राग आला.

संध्याकाळी घरात वादळ. जाऊबाईंनी फोन करून आधीच ह्यांना सगळं सांगितलं होतं. "दादाला उठवलंस? चार लोकांत?" मी ह्यांना रिळाची गोष्ट सांगितली, एजन्सीची सांगितली, एकही अक्षर गाळलं नाही. हे म्हणाले, "घेतलं तर घेतलं. त्यानं आयुष्यात स्वतःसाठी काय घेतलंय?" मी हातातलं भांडं ओट्यावर आपटलं.

पाटी पंपवाल्याच्या दारावर लागली. भाऊजी कुठे गेले? तेही तिकडेच. आता पंपवाल्याकडे ते रोज स्टूल टाकून बसतात. तो त्यांना उठवू शकत नाही, कारण त्याचं सगळ्यात महाग रीळ घेणारं गिऱ्हाईक तेच. एजन्सीच्या भिंतीवरचा राखाडी रॉड कुणी हातात घेतला की भाऊजी घसा खाकरतात आणि सांगतात, "कोपऱ्यावर माझ्या भावजयीचं दुकान आहे. तिथे जा, याच्या निम्म्या पैशात काम होईल."

लोक येतात. झुंडीनं येतात. आत पाऊल टाकताच म्हणतात, "दादांनी पाठवलंय. सगळ्यात स्वस्त काय आहे?" माझा धंदा कधी नव्हे इतका चाललाय. भिंतीवर परत तेच रॉड आहेत, जे मोडतात, आणि तुकडे घेऊन लोक परत माझ्याकडेच येतात. चांगला माल मागायला कुणी येत नाही. आलं तरी दारातून आत डोकावून पंपवाल्याकडे जातं. मला वाटतं हा त्यांनी माझ्यावर उगवलेला सूड आहे. इतका गोड सूड की तक्रार कुणाकडे करायची?

घरात मात्र गोष्ट लांबली आहे. ह्यांनी ती परवा मुलीला जेवताना सांगितली. मोठ्या काकांनी शाळा सोडली, एका कोटावर दिवस काढले, मला शिकवलं, आणि आता एवढा अपमान गिळून परक्याच्या दुकानात बसतात आणि तुझ्या आईचा धंदा चालवतात. सांगताना आवाज भरून आला. मुलीनं घास हातात तसाच धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, तू काकांना थँक्यू म्हणालीस?"

हे म्हणाले, "म्हणेल ना. मी दादाला आणि वहिनीला सुट्टीच्या दिवशी जेवायला बोलावलंय."

स्वयंपाक अर्थात मी करायचा आहे.