मायचं फुलपात्र

गाव सोडलं त्या सकाळी माझ्याजवळ एकोणीस वस्तूंची यादी होती. गाडीला वेळ होता, म्हणून मी एस.टी. स्टँडच्या बाकावर पिशवी उघडून एकेका वस्तूपुढं खूण केली. माय शेजारी बसून बघत होती. गाडी लागली तशी तिनं पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि पोचल्यावर पत्र टाक म्हणाली. दुपारी शहरात, गुलमंडीमागच्या भाड्याच्या खोलीत पिशवी रिकामी केली, तर वस्तू अठराच. कंगवा नव्हता.

दिवाळीत घरी आले तेव्हा तो कोनाड्यात सापडला. मायनंच काढून घेतला होता. तिच्या माहेरची रीत होती ती. घरचं माणूस लांब निघालं की त्याची एखादी वस्तू गुपचूप मागं ठेवायची.

"मागं काही राह्यलं तर माणूस येतं परत," ती म्हणाली.

पुढं दर खेपेला असंच. कधी टॉवेल, कधी छत्री, एकदा तर ऑफिसच्या कपाटाची किल्ली. त्या किल्लीपायी साहेबाची बोलणी खाल्ली आणि मी मायवर चिडले. हे खेळ बंद कर म्हणाले. तिनं बंद केले. मग नोकरी, लग्न, मुलींच्या शाळा, सिडकोतला फ्लॅट. माझ्या खेपा कमी झाल्या त्याला किल्ली कारण नव्हती, हे मला माहीत आहे. तरी आता त्या दोन्ही गोष्टी मला एकीशेजारी एक दिसतात.

तुमच्यातले काही गावातच राहिले, आणि काही माझ्यासारखे बाहेर पडून पुण्याला, सुरतेला, आखातात गेले. सगळ्यांसाठीच्या या स्मरणिकेत सरहद्दीच्या उत्सवाची आठवण लिहा, असा निरोप आला. माझ्याजवळ एकच आठवण आहे.

कन्नडच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी आपलं गाव. जुन्या काळी वर निजामाचा मुलूख, खाली इंग्रजांचा, मधे जकातीचा नाका. तो नाका तुम्ही दरवर्षी बांबू लावून पुन्हा उभा करता. शाळेतले निवृत्त सर लाल फेटा बांधून, मिशा रंगवून शिपाई होतात. आईबाप पोरांना घेऊन रांगेत उभे राहतात, सर प्रत्येकाला कुठून आलात, कुठं निघालात, गाठोड्यात काय विचारतात आणि हातावर शिक्का मारतात.

दोन वर्षांपूर्वी उत्सवाच्याच दिवशी मी मायला शहरात न्यायला आले. तिचे गुडघे गेले होते, एकटीला चूल होईना, आणि घर विकायचं ठरलं होतं. मी वाळूजच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. सुट्टी तेवढीच मिळाली. मायची यादी मी आदल्या दिवशीच केली होती. ती म्हणाली, जाताजाता नाका बघू.

सरांनी तिला अडवलं. "आजी, परवाना कुठाय? निघालात कुठं?"

"लेकीकडं."

"आणि वापस?"

"येती की. माझं फुलपात्र हाय घरात."

रांगेतले लोक हसले. मी यादी काढली. फुलपात्रापुढं खूण होती, म्हणजे सकाळी पिशवीत भरलं होतं. मला वाटलं, वयानं विसरली, पाणी प्यायला बाहेर काढून तिथंच ठेवलं असणार. तिला मांडवात खुर्चीवर बसवून मी तरातरा घरी गेले. कोनाड्यात पालथं घातलेलं होतं. तिच्या लग्नातलं, कडेला नाव कोरलेलं. दहा मिनिटांत घेऊन आले आणि तिच्यासमोर पिशवीत टाकलं.

मायनं पिशवीचं तोंड आवळून घेतलं.

"बरं केलंस. आता काहीच नाय राह्यलं."

गाडीत बसून वेरूळ मागं पडलं तरी ती काय बोलली ते मला कळलं नाही. उलट काम वेळेत झालं याचं समाधान होतं.

चौथ्या मजल्यावर ती वर्षभर राहिली. लिफ्टला घाबरायची, मग तीही सवय झाली. त्याच फुलपात्रानं पाणी प्यायची. गावाला जाऊ असं एकदाही म्हणाली नाही, आणि मी शेजारणींना सांगायचे, छान रुळली हो. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तेराव्यानंतर तिचं सामान आवरताना यादी सापडली. सगळं जुळलं, एकही वस्तू कमी नाही. तेव्हा मी यादी हातात घेऊन फरशीवर बसले. सकाळी मी खूण केल्यानंतर तिनंच फुलपात्र काढून ठेवलं होतं, जसा माझा कंगवा काढला होता तसंच.

यंदा उत्सवातल्या प्रदर्शनासाठी घरोघरच्या जुन्या वस्तू मागवल्यात म्हणून गेल्या रविवारी मायचं फुलपात्र घेऊन गावात आले होते. आमच्या घराच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. कोनाड्याची भिंत त्यात गेली. वाचनालयात टेबलावर सर बसले होते, या वेळी फेट्याशिवाय. त्यांनी फॉर्म दिला. वस्तूचं नाव, मालकाचं नाव, गाव, सगळं भरलं. शेवटचा रकाना होता, वस्तू परत नेण्याची तारीख. स्टोअरमध्ये मी कुणाला रिकामा रकाना ठेवू देत नाही.

फॉर्म बघून सर म्हणाले, "ताई, एवढा एक राहिला."

"राहू द्या, सर," मी म्हणाले, "मी येत जाईन."