जोर से बोल

तेलीबांध्याच्या थांब्यावर त्या बाई मला रोज दिसायच्या. बस आली की पदर खोचून खणखणीत ओरडायच्या, "अभनपुर! चलो, अभनपुरवाले!" पाटी वाचता न येणारी माणसं लगबगीनं उठायची. मला वाटलं, बसवाल्यांनीच कामावर ठेवल्या असतील. एकदा विचारलं.

"नाही वं! रिटायर झाल्यावर समाजसेवा कराची होती. आश्रमात गेली, तर म्हणे हळू बोला. पोट्ट्यांले शिकवाले गेली, तर पोट्टे घाबरले. मंग म्हटलं, आपल्या गळ्याचं काम कुठं आहे, ते पाहू."

तेवढ्यात बस आली. त्या ओरडल्या. एक आजोबा कानामागे हात धरून, आईला हाक मारावी तसं म्हणाले, "जरा जोर से बोल न, दाई."

बाईंचा चेहरा सत्कार झाल्यासारखा खुलला.