लेकराच्या रडण्याचं भेव

"बाई, तुमचे कान गेले नाहीत. साधा आवाजच तुम्हाला फार मोठा लागतो," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. त्याआधी त्यांनी लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी कानाजवळ वाजवलं, तशी मी खुर्चीवरून उठून दारापर्यंत पळाले होते. दुखण्याचं नाव हायपरॅक्युसिस. म्हणजे दुसऱ्याला नुसता ऐकू येणारा आवाज आपल्याला सुईसारखा टोचतो.

"बरं होते का जी?" मी विचारलं.

"कमी होईल. किती, ते आज सांगता येत नाही."

लेक सुनंदा पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती, दिवस भरत आले होते. अन् मला भेव वाटत होतं ते येणाऱ्या लेकराच्या रडण्याचं. हे कोणाला सांगायचं?

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव लाखांदूरकडचं. मोठा ताप येऊन गेला अन् एका सकाळी जावेच्या हातून थाळी पडली. मी किंचाळून खालीच बसले. मग एसटीचा हॉर्न, धानगिरणी, बैलांच्या घंट्या, सगळंच टोचू लागलं. जाऊ म्हणाली, "बाहेरचं लागलं असंल." पुजारी आणला. त्यानं भूत काढायला डफ वाजवला, तोही माझ्या कानाशीच! बांबूच्या ढोलीत धान भरून ठेवतो ना, मी तिच्यामागे जाऊन लपले. तेव्हापासून माझी जागा तिथंच. कानात तेलाचे बोळे, वरून फडकं.

डॉक्टरांनी तेच बोळे काढायला लावले. "कान झाकून ठेवले की आणखी हळवे होतात. हलक्या आवाजापासून सवय करा." म्हणून मी पाखडणाऱ्या बायांजवळ बसू लागले. सुपाचा आवाज सोसवू लागला.

नात झाली. माझ्यापायी घर चिडीचूप. मालकांनी बैलांच्या घंट्याही सोडून ठेवल्या. मी मात्र बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकत नव्हते.

एका दुपारी मी त्या दारावरून चालले होते. लेकरू रडायला लागलं अन् मधेच आवाज बंद झाला. मी आत डोकावले. सुनंदानं पदराचा बोळा करून लेकराच्या तोंडावर धरला होता. स्वतःही रडत होती.

"काय करून राहिली वो तू!"

"माय, तुले त्रास होते ना..."

मी पदर ओढून फेकला. लेकराचं तोंड लालबुंद झालं होतं. उचलून छातीशी धरलं, तशी पोरगी अशी टाहो फोडून रडली की कळ दातापर्यंत गेली.

जाऊ धावत आली. "द्या इकडं, बाई!"

"राहू दे. रडू दे तिले."

हे दुखणं ज्यांना असेल त्यांना सांगते, लाजू नका, लपू नका, कान बांधून बसू नका. अन् घरच्यांना गप्प बसवू नका. त्या डॉक्टरांचे उपकार आहेत, मी आज लग्नाच्या मांडवात मागं का होईना, बसते. बँडचं भेव अजून गेलं नाही. पण त्याहून मोठं भेव त्या दुपारपासून बसलं आहे. घरात एकाएकी सामसूम झाली की मी हातातलं काम टाकते अन् आधी लेकरं कुठं आहेत ते पाहून येते.