ज्यानं आमचा मलिदा खाल्ला

"साडी नेसून ये हं," झहावा म्हणाली. "ती लाल, काठाची. आणि तुमचं ते गोड आण ताटभर. उमेदवाराला इंडियन खाणं आवडतं."

वॉर्डाच्या मधोमध म्हणाली. माझ्या हातात पेशंटचं शी-लघवीचं भांडं. बोलली आणि निघूनही गेली. मी काय म्हणते ते ऐकायला थांबली नाही. मी काही म्हणेन असं तिच्या डोक्यातच नव्हतं.

झहावा आमच्या नर्सांच्या युनियनची पुढारीण. बाई वाईट नव्हती. आजाऱ्याला बघायला यायची, लग्नाला यायची, गालाला गाल लावायची. पण आम्ही तिला दिसायचो त्या सणाच्या दिवशी. साडी आणि ताट. अधेमधे आम्ही भिंतीसारख्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही इस्राएलात, किर्यात मलाखीला राहायचो. तिथून बसनं इस्पितळात जायचं. निवडणूक जवळ आली होती. क्नेसेटसाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, पक्षाच्या यादीत कुणाला वर घ्यायचं ते पक्षाचे सभासद मत देऊन ठरवायचे, आणि आम्हा नर्सांत सभासद पुष्कळ. म्हणून युनियन सभा भरवायची, उमेदवाराला बोलवायची, आणि हात वर करून ठराव करायची की हा माणूस दवाखान्यात राबणाऱ्यांच्या बाजूचा, याला मत द्या.

आमचं तर सगळं त्यावरच लटकलेलं. आम्ही म्हणजे छोटा कोर्स केलेल्या नर्सा. येरुहाम, किर्यात मलाखी, असल्या गावांतल्या मुलींना तेवढाच दाखवायचे. शाळेतल्या बाईंनी माझे मार्क बघितलेसुद्धा नाहीत. माझा रंग बघितला, आडनाव बघितलं, म्हणाल्या, "तुला हाच बरा." मी तोच केला. त्यातच केस पिकायला लागले. आता वरून हुकूम येणार अशी कुजबुज होती. मोठा कोर्स नाही तर सुई नाही, सलाइन नाही, औषध नाही. पांढरा झगा काढा, निळा घाला. पुसा, धुवा, भरवा. वाचायचा रस्ता एकच, नोकरीत ठेवून सरकारनं आम्हाला मोठा कोर्स करू द्यायचा. आणि त्यासाठी क्नेसेटमध्ये कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं.

"सभेत हा प्रश्न तूच विचार," झहावानं मला शब्द दिला होता. म्हणून मी साडीचंही ऐकून घेतलं.

घरी आईला सांगितलं. आई पेणची. तिचं मराठी तिकडून निघताना होतं तसंच राहिलेलं, इथं त्याला नवं पान फुटलं नाही.

"गोड?" ती म्हणाली. "अगो, गोड काय म्हनते ती? मलिदा म्हन. तो काय हॉटेलातला पदार्थ हाय?"

मला वाटलं, नाहीच म्हणणार. बरंच झालं असतं. पण ती विचारात पडली, आणि मग म्हणाली, "करते मी. त्याच्यासमोर ठेव. आपलं काम काय ते सांग. त्याला आमेन म्हनू दे, नि मग खाऊ दे. ज्यानं मलिदा खाल्ला तो बांधला गेला, बाय. फिरला तर एलियाहू हन्नाबी हाय बघायला."

आम्हा बेने इस्राएली, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू लोकांत असंच आहे. लग्न असो, दुखण्यातून उठणं असो, नवं घर असो, एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावानं मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वरून फळं. बरखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणून झाल्याशिवाय ताटाला कुणी हात लावत नाही. आणि जो खातो तो त्या घरच्या मागण्याला आमेन म्हणतो. हसायचं तर हसा. पक्षवाले छापील वचननामे काढतात आणि फिरतात, तेव्हा कुणी हसत नाही.

माझी मुलगी तेव्हा सैन्यातून सुट्टीवर आलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर हिब्रूत. "इमा, दाय," म्हणाली. म्हणजे आई, पुरे. "तो मतं गोळा करायला येतोय, तुमच्या घरी पोराच्या बार-मित्झ्वाच्या जेवणाला नाही."

आई म्हणाली, "तू गप. तुला काय ठावं?"

आईनं पहाटे उठून मलिदा केला. शेजारच्या काकांनी बरखा म्हटली. एक ताट घरात ठेवलं, एक मी पांढऱ्या रुमालानं झाकून बसमध्ये मांडीवर धरून नेलं. लाल साडीत. बसमधली पोरं बघून हसत होती. हसू देत म्हटलं. माझ्या मांडीवर माझी नोकरी होती.

हॉलमध्ये झहावानं माझं ताट बुरेकासच्या खाऱ्या पफांच्या आणि कोकच्या बाटल्यांच्या मध्ये नेऊन ठेवलं. रुमाल काढून टाकला. उमेदवार आला. ऐसपैस माणूस, हसरा. सगळ्यांच्या पाठीवर थाप. माझ्याजवळ आला, साडी बघितली, म्हणाला, "वाह! बॉलिवूड!"

मी म्हटलं, "एक मिनिट, आधी मला एक सांगायचंय..."

त्यानं ताटात हात घातला होता. मूठभर उचलून तोंडात टाकला. फोटोवाला म्हणाला, "ताट थोडं वर. हस." मी ताट वर केलं. देवाशप्पथ, हसलेसुद्धा. माझा तो फोटो पुढं त्याच्या पत्रकावर छापून आला, गावभर दारादारांत पडला.

मग भाषण. नर्सा म्हणजे देवदूत, नर्सा म्हणजे देशाचा कणा. टाळ्या. मी उठून उभी राहिले. शब्द घोकून घोकून पाठ केले होते. छोटा कोर्सवाल्यांचं काय, एवढंच विचारायचं होतं.

झहावा लगबगीनं माझ्यापाशी आली. खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबलं. "आत्ता नको, मोतेक," म्हणाली. मोतेक म्हणजे गोडुली. "आधी ते वाटून घे ना. मागच्या रांगेत पोचलं नाही."

मी खाली बसले नाही. बसले असते तरी बरं. मी ताट घेऊन मागच्या रांगेत गेले. मलिदा वाटत होते तेव्हा माझ्या पाठीमागं ठराव झाला. "बाजूनं कोण?" सगळ्यांचे हात वर. माझ्या एका हातात ताट होतं. दुसरा मी वर केला. आमच्या सगळ्या इंडियन नर्सांनी केला. खाल्ला होता ना त्यानं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

घरी आईनं विचारलं, "आमेन म्हनला?"

"नाही."

"खाल्ला ना?"

"खाल्ला."

"मंग झालं," आई म्हणाली, आणि निवांत झोपली.

तो निवडून आला. क्नेसेटमध्ये गेला. हुकूमही आला. आमच्या तोंडाला पानं पुसली गेली. स्टोअरमधून निळे झगे आले, घड्या घातलेले, नवेकोरे. माझा पांढरा झगा मीच धुऊन, इस्त्री करून परत दिला. कुणी मागितला नव्हता तसा. सवय.

पुढं एकदा तो इस्पितळात आला, नवं मशीन बघायला. मी कॉरिडॉरमध्ये फडकं मारत होते. धावत गेले. म्हटलं, "आमचा कोर्स... तुम्ही आमच्या सभेला आला होतात..."

त्यानं माझ्याकडं बघितलं. ओळख पटली. चेहरा फुलला. "अरे हो! तो गोड भात! काय चव होती!" बरोबरच्या डॉक्टरला म्हणाला, "हिच्या हातचं एकदा खाऊन बघच." आणि गेले दोघं.

भात नव्हता तो. पोहे होते. पण ते जाऊ दे. त्याला खाल्लेलं आठवत होतं, मागितलेलं आठवत नव्हतं. आठवणार कसं? मला मागू दिलंच कुठं होतं?

त्या हिवाळ्यात आई पडली. माझ्याच वॉर्डात आणली. तिची शीर मला माहीत. सुया टोचण्यात माझी उमर गेली. पण अंगात निळा झगा. सलाइन लावायला नवी पोरगी आली, नुकती शिकून आलेली. चांगली होती बिचारी, नीट लावलं तिनं. मी शेजारी ट्रे धरून उभी.

आई माझ्याकडं बघत होती. "तू का नाय लावत?" म्हणाली.

"मला परवानगी नाही, आई."

"त्यानं तर मलिदा खाल्ला ना गं?"

मला रडू आलं नाही. राग आला. आईचा नाही. त्याचाही नाही, खरं सांगते. त्या ट्रेचा आला. जिथं तिथं माझ्या हातात काहीतरी धरायला दिलेलं. भांडं, ताट, ट्रे. आणि हात गुंतले की माणूस गप्प बसतो.

आई तीन-चार दिवसांत गेली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं की एलियाहू हन्नाबी बघून घेतील. मला वाटत नव्हतं. अजून वाटत नाही.

मग पुन्हा निवडणूक. झहावाचा फोन. "मोतेक, तोच येतोय. आपला माणूस. साडी, आणि ते गोड. त्यानं मुद्दाम विचारलंय."

मी म्हटलं, "मलिदा मिळणार नाही."

"का? बरं नाही का?"

"बरी आहे. मी येणार आहे. ताट येणार नाही."

ती हसली. थट्टा वाटली तिला.

मी ड्यूटीवरून निळ्या झग्यात तशीच गेले. झहावानं वरपासून खालपर्यंत बघितलं. भाषण तेच. देवदूत, कणा. मी उठले आणि विचारलं, "छोटा कोर्सवाल्या नर्सांसाठी तुम्ही क्नेसेटमध्ये एकदा तरी बोललात का?"

तो म्हणाला, "छान प्रश्न. या विषयावर काम चाललंय." आणि पाणी प्यायला. एवढंच. त्या एका वाक्यासाठी मी इतकी वर्षं थांबले होते.

"बाजूनं कोण?" झहावानं विचारलं. हात वर गेले. आमच्यातल्याही बायकांचे गेले. एक माझ्याच गल्लीतली होती, तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं. मी तिला दोष देत नाही. तिला अजून आशा असेल.

"विरोधात?" झहावानं सवयीनं विचारलं, पिशवी आवरत आवरत.

मी हात वर केला.

"मोतेक," ती हळूच म्हणाली, "हे विरोधाचं विचारलं."

"कळलं मला."

"तू एकटीच आहेस."

"तेही कळलं."

ठराव झाला. तो पुन्हा निवडून आला. आमचा कोर्स आला नाही, आणि माझ्या नोकरीत तो येणार नाही. निळा झगा अंगावरून उतरेल तो पेन्शनच्या दिवशीच. झहावा आता मला लग्नाला बोलावत नाही.

मलिदा मी अजून करते. घरी, आमच्या माणसांत, आईच्या नावानं. तो हॉलमध्ये जाणार नाही. मी मात्र जाणार. बोलावलं तरी, नाही बोलावलं तरी. निळ्याच झग्यात, रिकाम्या हातांनी. आणि कुणी विचारलं, विरोधात कोण, की त्यातला एक वर जाणार.